भिंत नसलेला दरवाजा

मी दरवाजा बोलतोय. कुठल्या घराचा, ते विचारू नका. मला घर नाही. चौकट आहे, फळी आहे, बाहेरून कडी आणि आतून खिट्टी आहे, पण उजवीकडे भिंत नाही आणि डावीकडेही नाही. माझ्या अलीकडे जी खोली, तीच पलीकडे. माझ्यातून कुणी कुठेच जात नाही. तरी सोलापुरात माझ्याइतका वाजवला गेलेला दरवाजा दुसरा नसेल, आणि त्या वाजवण्याचा मला मनापासून वीट आलाय.

मी रेडिओचा दरवाजा आहे. शहरातल्या एका लहानशा रेडिओ केंद्रावर 'कडी वाजली' नावाचा विनोदी कार्यक्रम सुरू व्हायचा होता. भाड्याच्या खोलीत राहणारं एक जोडपं आणि दर आठवड्याला त्यांची कडी वाजवणारा नवा पाहुणा, असा तो मामला. केंद्राचे प्रमुख मल्लप्पा. त्यांना संगणकातल्या दरवाजाचा आवाज पटेना. ते उठून वीरभद्रप्पा सुताराकडे गेले.

"रेडिओला दरवाजा?" वीरभद्रप्पानं हातातला रंधा थांबवला. "कुणाला दिसणार हाय त्यो?"

"दिसायचं काय करायचंय? ऐकू आला पाहिजे की."

वीरभद्रप्पानं एका जुन्या सागवानी दरवाजाचं लाकूड कापून मला घडवलं. उंचीला माणसाच्या खांद्याइतका, खाली दोन आडव्या पट्ट्या, म्हणजे ठेवाल तिथे उभा राहीन. जाताना त्यानं बजावलं, "बिजागरीला तेल घालू नका. कुरकुरला नाही तर दरवाजा कसला?" तेव्हापासून कुरकुरणं ही माझी नोकरी आहे. आजही ती मी इमानानं करतोय, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल.

ध्वनिमुद्रणाच्या खोलीत भिंतींना सोलापुरी चादरी टांगलेल्या. आवाज घुमू नये म्हणून. मोर, वेली, कमळं, सगळं घाम पुसल्यासारखं चुरगळलेलं. माइक चालू असला की पंखा बंद. अशा खोलीत दोन माणसं माझ्या दोन बाजूंना उभी राहत. एक कुमार, कार्यक्रमाचा लेखक, तोच नवरा व्हायचा. दुसरी सोनाली, ती बायको व्हायची, शिवाय माझी कडी, खिट्टी आणि कुरकुर तिच्याच हातात. मल्लप्पा काचेपलीकडे बसून हाताच्या खुणा करायचे.

सुरुवातीला त्या दोघांचं चांगलं जमलं होतं, हे सांगायला हवं. कुमारनं आयुष्यभर स्नेहसंमेलनांची नाटकं बसवली होती आणि त्याला गल्लीत कुत्रंसुद्धा ओळखत नव्हतं. सोनाली मंद्रूपजवळच्या वस्तीवरची, धनगराची लेक. वडील मायाप्पा वारले तेव्हा मेंढरं गेली, चार शेळ्या राहिल्या. आई तानाबाई कडक भाकऱ्या करून मंद्रूपच्या आठवड्याच्या बाजारात विकायची. सोनाली शहरात शिकली, शहरात राहिली, पण तोंडातली वस्ती गेली नव्हती. कुमार तिच्या बोलण्यावर हसायचा आणि ती हसू द्यायची.

एकदा वीज गेली. चहा मागवला होता. सोनाली माझ्या चौकटीला पाठ टेकून बसली आणि सहज बोलून गेली.

"आमची आई अजून कडी वाजवून घरात जाती. घरात कोन न्हाय, कुलूप तिनंच लावल्यालं. तरी आदी कडी वाजवायची, 'मीच की ओ' म्हनायचं, मग कुलूप काढायचं."

"म्हणजे?" कुमारनं विचारलं.

"आप्पा असायचे की आत. कडी वाजली की इचारायचे, 'कोन हाय?' रोज. तिला बगत असले तरी इचारायचे. ती म्हनायची, 'मीच की ओ.' आता इचारनारं न्हाय, पर ती सांगतीच."

कुमार गप्प राहिला. मला वाटलं, त्याच्या काळजाला लागलं. मी लाकूड, मला काय कळणार. तो गप्प होता कारण त्याला कार्यक्रमासाठी नवीन पाहुणी सापडली होती.

पुढच्याच भागात एक म्हातारी आली. विसराळू, बावळट, स्वतःच्याच घराची कडी वाजवणारी. वाजवायची, मग आतून जाड्या आवाजात स्वतःच विचारायची, "कोण हाय?" आणि बाहेरून स्वतःच चिरक्या आवाजात ओरडायची, "मीच की!" नाव ठेवलं 'मीच की मावशी'. आणि तिचा बाहेरचा आवाज कुणी काढला? सोनालीनं. हसत हसत काढला. तिला वाटलं, गंमत आहे, एक भाग होईल आणि लोक विसरतील. आतला "कोण हाय?" कुमारचा. कडी माझी. त्या पापात आम्ही तिघंही होतो, पण मला कुणी विचारलं नव्हतं.

लोक विसरले नाहीत. दसऱ्यापर्यंत सगळा जिल्हा "मीच की!" ओरडत होता. रिक्षावाले एकमेकांच्या रिक्षाची काच वाजवून विचारायचे, "कोण हाय?" कुमारला पहिल्यांदाच चहाच्या टपरीवर लोकांनी ओळखलं. तो दिवस त्यानं मला सांगितला होता, कडीवर हात ठेवून, डोळ्यांत पाणी आणून. तेव्हा मला तो आवडला होता.

मंद्रूप काही लांब नाही. रेडिओ तिथे खणखणीत लागतो. तानाबाईची सवय वस्तीवर सगळ्यांना ठाऊक होती. कुणीतरी दोन आणि दोन जोडले.

दिवाळीच्या तोंडावर सोनाली आली ती चप्पल न काढताच. कुमार माझ्या पलीकडे कागद चाळत होता.

"आईनं बाजार सोडला," ती म्हणाली.

"का? बरं नाही का त्यांना?"

"लोक टोपलीवर टकटक करत्यात. 'कोन हाय?' म्हनत्यात. लहान पोरं न्हाईत, बापये. एकानं लई जोरात वाजवली, भाकऱ्यांचा चुरा झाला. सगळा बाजार हसला. ती टोपली उचलून चालत घरी गेली. आता कडीबी वाजवत न्हाय. गुपचूप कुलूप काडती आनि चोरावानी आत जाती."

कुमारनं कागद खाली ठेवला. क्षणभर त्याचा चेहरा उतरला, ते मी पाहिलं. मग त्यानं तोंड उघडलं आणि सगळं नासवलं.

"अगं, लोक प्रेमानं म्हणतात. हसतात म्हणजे जीव लावतात की."

"ती म्हातारी बंद कर."

"बंद कसं करणार? कार्यक्रम तिच्यावर चाललाय."

"ती माझी आई हाय."

"ते माझं पात्र आहे," कुमार म्हणाला. "आवाज तूच काढलास. तेव्हा नाही आठवली आई?"

सोनाली वळून गेली. माझ्यातून गेली, भिंत नसताना. जाताना मला असं आपटलं की वीरभद्रप्पाचा एक खिळा सुटला. त्या दिवसापासून त्या दोघांचा अबोला सुरू झाला.

तुमच्या घरात अबोला झालाय का कधी? झाला असेल तर ठाऊक असेल, माणसं गप्प बसत नाहीत. उलट जास्त बोलतात, फक्त तिसऱ्याशी. घरात ते तिसरं म्हणजे भांडं, भिंत, नाहीतर मांजर. आमच्याकडे मी होतो.

"दारा, सांग लेखकसाहेबांना, पान उलटं धरलंय."

"दारा, सांग बाईंना, माइकपासून जरा लांब उभ्या राहा. श्रोते भिजतात."

"दारा, इचार त्यांना, दुसऱ्याच्या आईवर किती दिवस जेवनार?"

"दारा, सांग, ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी रस्ता मोकळा आहे."

दिवसभर असं चालायचं. दोघांचे डोळे माझ्यावर, विष एकमेकांना, आणि माझं नाव मध्ये. मावशीचा आवाज काढायला सोनालीनं साफ नकार दिला. मग कुमार स्वतःच तो काढू लागला. तो जास्तच वाईट होता, नाकातला, लाळ गळल्यासारखा. सोनालीला त्या वेळी माझी कडी वाजवावी लागायची, कारण ते काम तिचं. ती वाजवायची, पण कडीवरची तिची बोटं थंडगार पडलेली मला लागायची.

सोडून का नाही गेली? मल्लप्पांनी विचारलं होतं. ती म्हणाली, "मी गेले तर ह्यो आईला मोकळं रान मिळाल्यावानी तुडवंल. हितं हाय तोवर निदान एक मानूस तरी हसत न्हाय."

मग युद्ध सुरू झालं. तिनं एका सकाळी माझ्या बिजागरीला तेल घातलं. मी मुका झालो. माझ्या कुरकुरीवर बेतलेला सबंध प्रवेश पडला, आणि खरं सांगू, मला माझ्याच मौनाची मजा वाटली. कुमारनं बदला म्हणून तिची सगळी वाक्यं कापून "हं" आणि "बरं" एवढंच ठेवलं. ती ते "हं" अशा काही आवाजात म्हणायची की ऐकणारे तिलाच हसून दाद द्यायचे. त्यानं ते "हं"सुद्धा कापलं. तिनं श्वास सोडायला सुरुवात केली. श्वास कापता येत नाही.

एकदा माइक चालू राहिला आणि "दारा, सांग त्यांना" हे भांडण तसंच प्रसारित झालं. श्रोत्यांना वाटलं, लिहिलेलंच आहे. केंद्रावर फोनच फोन. मल्लप्पा काचेमागून टाळ्या वाजवत आले. "भांडा बे, असंच भांडा! पुढच्या आठवड्यालाबी भांडा!" दोन माणसं एकमेकांना खात होती आणि हा माणूस ताट मांडत होता.

संक्रांत आली. शहरात गड्ड्याची यात्रा भरली, केंद्रावर सगळ्यांनी एकमेकांना तिळगूळ दिला, गोड बोलायला सांगितलं. त्या दोघांनी आपापला तिळगूळ माझ्या चौकटीवर ठेवला, एकानं इकडून, एकीनं तिकडून. कुणीच उचलला नाही. मुंग्या लागल्या त्या माझ्या फटींत शिरल्या आणि होळीपर्यंत मला चावत राहिल्या. गोड बोलण्याचा त्रास फक्त मला झाला.

उन्हाळा तर विचारू नका. पंखा बंद, चादरींनी कोंडलेली हवा, आणि त्यात ती दोघं. मी वाळून चिरलो. मला वाटायचं, एखादी ठिणगी पडावी आणि सगळं एकदाच संपावं.

वर्ष भरत आलं तेव्हा मल्लप्पांना कल्पना सुचली. आपल्याकडे कुणाचंही काहीही वाकडं केलं की त्यावर एक औषध असतं. सत्कार. शाल आणि नारळ दिला की रुसलेला हसतो, चिरडलेला उठतो, आणि फोटोत सगळे सरळ उभे राहतात.

"वर्धापनदिनाचा कार्यक्रम मंद्रूपला करायचा," मल्लप्पा म्हणाले. "बाजाराच्या मैदानावर, थेट प्रसारण. आणि खऱ्या मीच की मावशीचा जाहीर सत्कार! त्यांच्या हस्ते कडी वाजवायची. कसं?"

कुमारला ते पटलं, हे मला सगळ्यात लागलं. त्याला खरंच वाटलं की मिटेल. माझ्याकडे बघत म्हणाला, "दारा, सांग बाईंना, आईंना मानानं बोलावतोय. आता तरी राग सोडा."

मल्लप्पा स्वतः वस्तीवर जाऊन आले. तानाबाई येते म्हणाली. सोनालीनं ते ऐकलं. तिनं तिथेच, माझ्या आडोशाला उभं राहून आईला फोन लावला. पलीकडचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"आई, जाऊ नको. तुला समद्यांसमोर हसत्याल."

"समद्यांसमोरच हसलेत की. मग समद्यांसमोरच जाते."

"काय बोलनार हायस तितं?"

"ते मला तरी कुटं म्हाईत हाय?" तानाबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

मला टेम्पोत घालून मंद्रूपला नेलं. वर्षभरात प्रथमच ऊन लागलं, वारा लागला. बाजाराचा दिवस, मैदान खच्चून भरलेलं. व्यासपीठाच्या मधोमध मला उभं केलं. आतल्या बाजूला कुमार माइक धरून, त्याचं डोकं माझ्यावरून सगळ्यांना दिसत होतं. बाहेरच्या बाजूला दुसरा माइक. मल्लप्पांनी भाषण केलं. तानाबाई वर आली. काटकुळी, उंच, हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. तिच्या अंगावर शाल आणि हातात नारळ आला. टाळ्या झाल्या. सोनाली व्यासपीठाच्या कडेला उभी होती.

"मावशी," मल्लप्पा माइकवर ओरडले, "आता एकदा कडी वाजवा की!"

हजार तोंडं "मीच की!" म्हणायला उघडी राहिली. तानाबाईनं नारळ खाली ठेवला. माझ्यापुढे आली. माझी कडी तिनं हातात घेतली. वर्षभर मला लोकांनी बडवलं, खडखडवलं, आपटलं. हिनं वाजवली ती आत कुणी झोपलंय की काय अशा बेतानं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की कडी कशासाठी असते.

कुमारनं आतून जाड आवाज काढला. "कोण हाय?"

तानाबाईनं माझ्या फळीकडे पाहिलं. मग मान वर करून त्याच्याकडे.

"मला काय इचारतो? घर माझं हाय," ती म्हणाली. "हितनं माझा मालक इचारायचा. त्यो गेला. आत तू कोन?"

कुणी हसलं नाही. कुमारच्या हातात कागद होता, त्यावर पुढचं वाक्य होतं, पण ते या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. त्याचे ओठ हलले. आवाज आला नाही. थेट प्रसारण चालू होतं, सगळा जिल्हा ऐकत होता, आणि ऐकायला काहीच नव्हतं.

"सांग की. परक्याच्या घरात वर्सभर बसलायस. कोन तू?"

मागून एक बाई ओरडली, "सांग की रं!" मग दुसरी. मग बापयांचेही आवाज निघाले, तेच बापये, ज्यांनी टोपली वाजवली होती. त्यांचाही मला राग आला. तानाबाईनं त्यांच्याकडे नुसतं वळून पाहिलं, आणि ते बसले.

तिनं माझी कडी चढवली. बाहेरून. खट्कन.

"बस आता आतच," ती म्हणाली. अंगावरची शाल काढून माझ्या चौकटीवर टाकली, नारळ मात्र उचलला, आणि पायऱ्या उतरली. सोनाली तिच्यामागे गेली. जाताना तिनं मला हातही लावला नाही.

मल्लप्पांनी घाईघाईनं गाणं लावायला सांगितलं. आणि कुमार? तो माझ्यामागे उभाच राहिला. उजवीकडे भिंत नव्हती, डावीकडे नव्हती. एक पाऊल टाकलं असतं तर बाहेर आला असता. पण तो कडी चढवलेल्या दरवाजामागे उभा होता, खरोखर कोंडल्यासारखा. शेवटी मल्लप्पांनी येऊन कडी काढली तेव्हाच तो हलला.

पुढचं थोडक्यात सांगतो. सोनाली परत आली नाही. तानाबाई पुढच्याच बाजाराला टोपली घेऊन बसली, असं टेम्पोवाल्यानं मल्लप्पांना सांगितलं. कार्यक्रम बंद पडला. आता लोक कुमारला टपरीवर गाठतात आणि विचारतात, "आत तू कोन?" रिक्षातून विचारतात, बसमधून विचारतात. त्यानं टपरीवर जाणंच सोडलं म्हणे. मला त्यात आनंद वाटायला हवा होता. पहिले काही दिवस वाटलाही. मग नाही वाटला. टोपली वाजवणारे तेच, फक्त टोपली बदलली.

मी आता केंद्राच्या अडगळीच्या खोलीत आहे. मोडक्या खुर्च्या, वायरींची भेंडोळी, चादरींचा एक गठ्ठा आणि मी. मला भिंतीला लावून ठेवलंय. आयुष्यात पहिल्यांदा भिंत मिळाली, ती अशी. उघडायला जागाच नाही.

परवा दुपारी कुमार आला. काही न्यायला आला असेल असं वाटलं. पण तो खुर्च्या सरकवून माझ्यापुढे उभा राहिला. वाळला होता. मग जुन्या सवयीनं माझ्याकडे बघून, खाली मान घालून म्हणाला,

"दारा, सांग तिला. तिच्या आईला पण सांग. चुकलं माझं."

एवढं बोलला आणि मोकळा झाला. चेहरा हलका झाला त्याचा. रुमालानं तोंड पुसून निघून गेला.

वर्षभर मी यांचे निरोप ऐकले. शिव्या ऐकल्या, टोमणे ऐकले, सगळं माझ्या अंगावर घेतलं. तेव्हा सोनाली समोर उभी असायची, म्हणून तिला ऐकू जायचं. आता समोर कुणी नाही. चादरींचा गठ्ठा आहे. माफी मागताना बघायला कुणी नको, ऐकायला कुणी नको, अशी माफी त्यानं मला देऊन टाकली आणि घरी गेला.

तुम्ही इतका वेळ माझी कुरकुर ऐकलीत, तर एक काम करा. मंद्रूपला जाऊन तानाबाईला हे काही सांगू नका. तिला बाजार करू द्या, तिची सवय परत आली असेल तर तिला निवांत घरात जाऊ द्या. कुमार मात्र तुम्हाला भेटेल, इथेच राहतो. त्याला तेवढं कळवा. स्टँडवरून मंद्रूपची एसटी सुटते. दरवाजाला पाय नसतात, त्याला आहेत. निरोप पोचलेला नाही.